कपाळावरचा गॉगल

कारखान्यात शिरले की माझी नजर आधी माणसांच्या कपाळावर जाते. सेफ्टी ऑफिसर सोबत चालत असतात, कुठलं मशीन कधी आलं, पाळ्या किती, माणसं किती, हे सांगत असतात. मी हो-हो म्हणत कपाळं मोजते. गॉगल डोळ्यांवर किती जणांचा, कपाळावर किती जणांचा, आणि मशीनच्या दांड्याला लटकलेले किती. मग कपाळवाल्यांच्या कानशिलांकडे बघते. तिथं केस पांढरे व्हायला लागलेले असले की कोडं निम्मं सुटलेलं असतं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये एक टर्नर मामा होते. पन्नाशीच्या आतबाहेर. शर्टाच्या खिशात चाळिशी, तिला काळा दोरा. कपाळावर कंपनीचा गॉगल. मी दहा मिनिटं त्यांच्या लेथजवळ नुसती उभी राहिले. काप घेताना गॉगल खाली. काप थांबला की गॉगल वर, खिशातून चाळिशी बाहेर, व्हर्नियर लावून माप बघायचं, चाळिशी परत खिशात, गॉगल पुन्हा खाली. दहा मिनिटांत असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी चाळिशी खिशात गेली, पण गॉगल कपाळावरच राहिला आणि लेथ सुरू झालं. निळसर, तापलेली, गुंडाळलेली लोखंडी कात त्यांच्या छातीच्या उंचीवर सुटून पडत होती.

मी विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे घातलं की रेषा दिसंनात. चष्मा घातला तर त्याच्यावर हे बसंना. दोन्ही काढलं की काम तर दिसतंय अंदाजानं. मग काय करू, तुम्हीच सांगा की.”

या एका प्रश्नापायी माझी एकोणीस वर्षं गेली आहेत. कामगारांच्या नंबरचे सेफ्टी चष्मे बनवून कारखान्यांना पुरवायचे, हा माझा धंदा. सोलापुरात मी चष्म्याच्या दुकानात बसते असं सांगितलं की लोकांना चटकन कळतं. हे दुसरं काम मात्र समजावून सांगावं लागतं. गॉगल तर कंपनी देतेच की, असं म्हणतात. देते. डब्यानं देते. पण तो गॉगल बिननंबरचा असतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा डोळा बिननंबरचा राहिलेला नसतो.

आमचं दुकान नवी पेठेत. बाबांनी टाकलेलं. मी चौथीत असताना घडलेली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण या धंद्याचं मूळ तिच्यात आहे.

माझे मामा अशोक चौकाच्या बाजूला एका शेडमध्ये यंत्रमागावर होते. चादरीचे माग. ज्यांनी जुना धोट्याचा माग चालताना पाहिला नाही त्यांना सांगते: धोटा लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी अणी, पोटात सुताची कांडी. मिनिटाला शंभराच्या वर वेळा तो ताण्याच्या धाग्यांवरून या टोकापासून त्या टोकाला आपटत जातो. वाटेत धाग्याचा गुंता आला, लाकूड झिजलं, पट्टा सैल पडला, तर धोटा वाट सोडतो आणि मागातून बाहेर उडतो. म्हणून धोट्याला जाळी लावायची असते. त्या दिवशी शेजारच्या मागाचा धोटा उडाला. मामांना लांबचा मोठा नंबर होता आणि चष्मा आमच्याच दुकानातला होता. बाबांनी स्वतः घासून बसवलेल्या, खऱ्या काचेच्या भिंगांचा. धोटा चष्म्याला लागला, डोळ्याला लागलाच नाही. डोळ्यात गेली ती काच.

डावा डोळा गेला. महिनाभरानं मामा दुकानात आले, रुमालात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवली. डाव्या कड्यात अर्ध्या चंद्रासारखा काचेचा तुकडा अजून अडकलेला होता. बाबा त्याच्याकडे बघत बसले. मामाच त्यांना समजावत होते, “दाजी, तुमचा काय दोष? धोट्याला डोळं असतात व्हय?”

बाबांनी ती फ्रेम काउंटरच्या खणात ठेवली. ते या विषयावर कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक समोर बसलं की ते नंबर विचारायच्या आधी विचारायचे, “काम काय करता?” मागावरचा माणूस असला तर त्याला ते प्लॅस्टिकची भिंगं द्यायचे. तेव्हा ती महाग होती. बाबा काचेच्याच भावात लावायचे. आईला हिशेबात तूट दिसायची. तीही काही बोलायची नाही, भाऊ तिचा होता.

“काम काय करता?” हा प्रश्न मला वारसाहक्कानं मिळाला. बाकी सगळं मी शिकत गेले, आणि त्यातलं एक फार महागात पडून शिकले.

त्याचं असं झालं. ऑप्टोमेट्रीचं, म्हणजे डोळे तपासून नंबर काढण्याचं, शिक्षण घेऊन मी दुकानात बसले तेव्हा पॉलिकार्बोनेटची भिंगं सोलापुरात सहज मिळायला लागली होती. सीडी ज्याची बनते तेच हे प्लॅस्टिक, पोलिसांच्या दंगलीतल्या पारदर्शक ढालीही याच्याच. साधं प्लॅस्टिकचं भिंग, ज्याला धंद्यात सीआर-३९ म्हणतात, ते काचेपेक्षा बरं, पण जोराचा मार बसला तर त्याचेही धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट मार खातं, वाकतं, खड्डा पडतो, पण सहसा तुकडे होत नाहीत. मला वाटलं, झालं काम. एका कारखान्याकडून ६४ चष्म्यांची पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हा मी नंबर काढले, पॉलिकार्बोनेटची भिंगं मागवली आणि बाजारातल्या हलक्या, दिसायला छान, धातूच्या नेहमीच्या फ्रेममध्ये बसवून दिली. बिलावर ‘सेफ्टी चष्मा’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं.

तिथले सेफ्टी ऑफिसर निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी एक चष्मा उचलला, उलटा-सुलटा करून दांड्यांच्या आतल्या बाजूला काही शोधलं आणि सापडलं नाही तसं दोन्ही अंगठ्यांनी समोरून भिंग दाबलं. टक्‌ असा आवाज झाला आणि भिंग अख्खं, न फुटता, मागच्या बाजूला निसटून त्यांच्या तळहातावर पडलं.

“काच फुटली नाही, ताई. पण गेली कुठं? डोळ्यातच की.”

मला आजही तो ‘टक्‌’ ऐकू येतो. मामांच्या बाबतीत जे होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, तेच मी ६४ जणांच्या नाकावर बसवायला निघाले होते, आणि वर ‘सेफ्टी’ म्हणून विश्वासानं. विश्वास हाच त्यातला सगळ्यात वाईट भाग. साध्या चष्म्यातला माणूस निदान तोंड बाजूला तरी घेतो.

चौसष्टच्या चौसष्ट परत आणले. नव्या फ्रेमच्या घराला ती भिंगं पुरणार नव्हती, म्हणून तीही वाया. त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून बाबांनी एकेका फ्रेममधून भिंगं काढली, मला एक शब्दही लागेलसं बोलले नाहीत. शेवटची फ्रेम झाल्यावर खण उघडून मामांची ती जुनी फ्रेम काढली, पुसली आणि परत ठेवली.

त्यानंतर मी मानकं वाचायला बसले. डोळ्यांच्या संरक्षणाच्या साधनांसाठी आपल्याकडे आयएस ५९८३ हे भारतीय मानक आहे. युरोपचं तेव्हा ईएन १६६ होतं, अमेरिकेचं झेड८७.१. आपल्या कारखान्यांना याची दोन कारणांनी गाठ पडते: एक कायदा, दुसरं परदेशी खरेदीदार. सोलापूरचे टॉवेल बाहेर जातात, मशीनचे सुटे भाग बाहेर जातात, आणि माल घेणारा कारखान्याची तपासणी करायला माणूस पाठवतो. तो चष्म्याच्या दांडीवरचा शिक्का बघतो.

या मानकांत काय असतं, ते थोडं सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की तो कागदाचा खेळ आहे. अमेरिकन मानकाच्या साध्या पायरीला एक इंच व्यासाचा पोलादी गोळा १२७ सेंटिमीटरवरून भिंगावर सोडतात. वरच्या पायरीला पाव इंचाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगानं मारतात, म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. आणि फ्रेमची परीक्षा वेगळी: माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या साच्यावर चष्मा चढवून अर्धा किलोचं टोकदार वजन वरून सोडतात. भिंग जागेवरून सुटता कामा नये. त्यासाठी सेफ्टी फ्रेमच्या खाचेला आतल्या बाजूनं उंच काठ असतो, भिंग मागं येऊच शकत नाही. आमच्या त्या सुंदर फ्रेमना हा काठच नव्हता. नंबरच्या भिंगांसाठी म्हणून पास झालेल्या फ्रेमवर ‘झेड८७-२’ असा शिक्का असतो. युरोपच्या पद्धतीत भिंगावर आणि फ्रेमवर माराच्या ताकदीचं वेगवेगळं अक्षर असतं, आणि दोन्ही अक्षरं जुळली नाहीत तर त्यातलं जे कमी ताकदीचं, तेवढीच अख्ख्या चष्म्याची ताकद धरायची. मला हा नियम फार आवडतो. दुकानात नव्यानं आलेल्या मुलाला मी आधी तोच शिकवते.

आमच्याकडे बेअरिंगच्या दुकानातून आणलेला एक इंची गोळा आहे. मालक लोक दुकानात आले की मी वाया गेलेलं साधं भिंग आणि पॉलिकार्बोनेटचं भिंग शेजारी ठेवून वरून तो गोळा सोडते. दाखवायला ते बरं पडतं, डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरत नाही. पण ती चाचणी नव्हे, हेही त्याच वेळी सांगते. चाचणी प्रयोगशाळेत होते, तिचा कागद असतो, आणि तो कागद ज्या फ्रेमचा आणि ज्या जाडीच्या भिंगाचा आहे त्यालाच लागू असतो. भिंग दिसायला छान व्हावं म्हणून मशीनवर थोडं पातळ घासलं की त्या कागदाला अर्थ राहत नाही.

आता नंबर. इथं खरी मेहनत आहे आणि इथंच बहुतेक पुरवठादार घाई करतात.

दुकानातली तपासणी माणूस पेपर हातात धरून वाचेल असं समजून होते, साधारण ४० सेंटिमीटर. पण कारखान्यात कोण पेपर वाचतो? टर्नरला व्हर्नियर ४० वर लागतं, पण मशीनची डायल हातभर लांब, ६५ वर. गणित सोपं आहे, मीटरला अंतरानं भागायचं: ४० सेंटिमीटरला अडीच, ६५ ला दीड. म्हणजे एकाच माणसाला एकाच कामात दोन ठिकाणी जवळजवळ एका नंबराचा फरक पडतो. म्हणून मी टेप घेऊन जाते. माणसाला त्याच्या जागेवर उभं करते, काम करायला सांगते, आणि डोळ्यापासून कामापर्यंत टेप धरते. लोक हसतात. “मॅडम शिवणकाम पण करतात व्हय?” असं एकानं विचारलं होतं. पण मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्या बाईचं अंतर मी असं मोजलं तेव्हा लक्षात आलं, ती मागच्या बाजूनं वाकून फणीतून धागा ओवते, तिचं अंतर जेमतेम ३५ आहे. तिला पेपरचा नंबर दिला असता तर पंधरा दिवसांत चष्मा पेटीत गेला असता.

एक इलेक्ट्रिशियन होते. त्यांना बायफोकल दिला, खाली जवळचा नंबर, सगळ्यांना देतात तसा. आठ दिवसांत मान धरून आले. काम सगळं डोक्याच्या वर, पॅनेलमध्ये, केबल ट्रेमध्ये. खालच्या तुकड्यातून वर बघायचं म्हणजे मान पाठीला टेकवायची. अशा माणसांसाठी भिंगाच्या वरच्या बाजूलाही जवळच्या नंबरचा तुकडा असलेलं भिंग मिळतं, डबल डी म्हणतात. मागवायला वेळ लागतो, थोडं महाग पडतं. ते बसवल्यावर त्यांनी शिडीवर चढून खाली माझ्याकडे न बघताच सांगितलं, “आता दिसतंय बगा वायरचा रंग.” वायरचा रंग ओळखणं हे त्यांच्या कामात जिवाशी खेळणं आहे. मला त्या वाक्याचं फार बरं वाटलं.

मोठ्या नंबरवाल्यांची अडचण वेगळी. पॉलिकार्बोनेट हलकं आणि पातळ होतं, पण त्याच्यातून रंग जरा फुटतात, कडेला निळी-पिवळी झालर दिसते. उणे पाच-सहाच्या पुढं माणूस तक्रार करतोच. त्याला ट्रायव्हेक्स नावाचं भिंग द्यावं, ते मारालाही चांगलं आणि नजरेलाही स्वच्छ. आणि चेहऱ्याला वेढून जाणाऱ्या फॅशनेबल सेफ्टी फ्रेम त्यांना देऊच नयेत. भिंगाला बाक जास्त असला की मोठा नंबर वाकडा बसतो, जमीन तिरकी वाटते. वेल्डिंगवाल्यांचं त्यामानानं सरळ आहे, शील्डच्या आत नंबरचा चष्मा चालतो. पण शील्ड वर करून स्लॅग, म्हणजे सांध्यावर जमलेली खपली, ठोकायच्या वेळी तोच चष्मा सेफ्टीचा हवा, कारण खपली उडते तेव्हाच.

हे सगळं झालं तंत्राचं. माणसांचं याहून अवघड आहे.

पहिल्यांदा एका कारखान्यात तपासणीचा कॅम्प लावला तेव्हा रांगेतले तिशी-चाळिशीतले पुष्कळ जण तक्त्याची शेवटची ओळ खाडखाड म्हणत होते. मला आधी आनंद झाला. मग एका पोरानं डोळ्यावरची पट्टी धरलेला हात बदलायच्या आतच, दोन्ही डोळे झाकलेले असताना, ती ओळ म्हटली. रांगेत उभ्या उभ्या पाठ केलेली. मी तक्ता काढून घेतला आणि इंग्रजी ई अक्षराचा, दिशा ओळखायचा तक्ता लावला. प्रत्येकाला वेगळा फिरवून. तो पोरगा गप्प झाला. नंतर बाहेर येऊन हळूच म्हणाला, “अक्का, नंबर निघाला तर मशीनवरनं काढतील. घरी दोन लेकरं हाईत.” 

तेव्हापासून मी कॅम्पच्या आधी व्यवस्थापनाकडून एक गोष्ट लेखी घेते: नंबर निघाला म्हणून कुणाला कामावरून हलवणार नाही. आणि ती गोष्ट मी स्वतः रांगेसमोर उभी राहून मराठीत सांगते, तेलुगूत आमचा दुकानातला मुलगा सांगतो, कन्नडमध्ये कुणीतरी कामगारच सांगतो. सोलापुरात तिन्ही भाषांत सांगितल्याशिवाय ते सांगितलं असं होत नाही. हे केल्यावर रांग बदलते. लोक स्वतःहून म्हणतात, रात्रपाळीला दिवे फुटल्यासारखे दिसतात, मागच्या महिन्यात माप चुकलं ते यानंच असेल.

मालकांशी बोलताना मी आसामचं उदाहरण देते. तिथल्या चहामळ्यातल्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्यांना जवळचे चष्मे फुकट दिले, निम्म्यांना नंतर. चष्मा मिळालेल्यांची पानं तोडण्याची गती दुसऱ्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. पानं तोडण्यासारख्या कामात एवढा फरक, तर शतांश मिलिमीटरचं माप बघणाऱ्याचं काय, हे मी विचारते. काही मालकांना हे पटतं. काहींना कायदा सांगावा लागतो: १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचं होतं, कण उडणारं किंवा डोळे दिपवणारं काम असेल तिथं पडदे नाहीतर योग्य गॉगल द्यायचे. आणि कलम ११४ सांगायचं की अशा साधनांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेतला, त्यातही सुरक्षेच्या सोयीसाठी कामगाराला पैसे लावू नयेत हे आहेच. पण गॉगल ‘योग्य’ म्हणजे काय? ज्याला त्यातून दिसत नाही, त्याच्यासाठी तो योग्य कसा? अमेरिकेच्या नियमात हे उघड लिहिलं आहे: ज्याला नंबर आहे त्याला नंबरचंच संरक्षण द्या, नाहीतर त्याच्या चष्म्यावरून नीट बसेल असं द्या. आपल्याकडे अजून प्रत्येक ऑफिसात जाऊन मला हे एकेकाशी बोलावं लागतं.

चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल हा उपाय सोलापुरात मे महिन्यात करून बघावा. बाहेर ४३ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. दोन थरांमध्ये घामाची वाफ धरते, दोन्ही काचांवर दिव्यांची प्रतिबिंबं नाचतात, कानांवर दोन दांड्या चिमटतात. पाहुण्यांना शेड फिरवायला तो ठीक आहे. आठ तासांची पाळी त्यात काढायची तर ज्यांनी तो खरेदी केला त्यांनी एक दिवस घालून बघावा, एवढीच माझी विनंती असते.

चष्मे वाटायचा दिवस मी कधीही दुसऱ्यावर सोपवत नाही. डबा देऊन सही घेऊन परतणारे पुरवठादार मी पाहिले आहेत. फ्रेम प्रत्येकाच्या कानामागं बसवायची, दांडी गरम करून वाकवायची, नाक बघायचं, बाजूच्या पट्ट्यांतून बोट जातं का तपासायचं. आणि पुसायचं शिकवायचं. शेडमध्ये हाताला जी चिंधी लागते तिच्यात लोखंडाची भुकटी असते. त्या चिंधीनं दोनदा पुसलं की पॉलिकार्बोनेटवर जाळं पडतं. आधी नळाखाली धरा, मग बोटानं साबण, मग कोरडा सुती रुमाल. थिनर तर अजिबात नाही. रंगखात्यातल्या एकानं भिंगावरचा रंगाचा ठिपका थिनरनं पुसला होता, सकाळपर्यंत भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. वरून बघायला चष्मा अख्खा, पण ताकद गेलेली. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा जाते, न कळवता. परत कपाळं मोजते.

त्या टर्नर मामांच्या कपाळावर आता काही नसतं, एक पुसटसा आडवा वण आहे, जुन्या गॉगलच्या पट्ट्याचा. त्यांनी एकदाच तक्रार केली, घरी नेता येत नाही म्हणून. नातीचं पुस्तक या चष्म्यानं छान दिसेल म्हणाले. मी त्यांना सांगितलं की ही कारखान्याची वस्तू, घरची चाळिशी वेगळी ठेवा. पुढच्या वेळी मात्र मीच ऑफिसात विचारलं आणि परवानगी मिळाली.

पण त्याच कारखान्यात तपासलेल्या कामगारांपैकी १७ जण ठेकेदाराकडचे होते. ग्राइंडिंगवर बहुतेक तेच असतात, म्हणजे ठिणग्या सगळ्यात जास्त त्यांच्याच वाट्याला. त्यांचे नंबर मी बाकीच्यांबरोबरच काढले. चष्म्यांची यादी मंजूर होऊन आली तेव्हा त्यात ही १७ नावं नव्हती. ऑफिसनं सांगितलं, ते ठेकेदार बघेल. ठेकेदार म्हणाला, कंपनी बघेल. मी दोघांना एका टेबलाशी बसवलं, कलमं दाखवली, दोघांनीही चहा पाजला. आठ महिने झाले. आणि हा तर रीतसर, कायद्याच्या चौकटीतला कारखाना. गल्लीबोळातल्या चार-सहा मागांच्या शेडमध्ये, जिथं माझे मामा होते तशा ठिकाणी, यादी करायलाच कुणी नसतं. तिथं मी रविवारी जाते, सेफ्टी फ्रेम खरेदीच्या भावात देते, हप्त्यानं. महिन्याला पाच-सहा जोड्या जातात. बाबा आता ऐंशीचे आहेत, त्या जोड्यांच्या दांड्यांवरचा शिक्का ते स्वतः भिंग धरून तपासतात, मगच पिशवीत भरू देतात.

त्या १७ जणांची कार्डं माझ्या काउंटरच्या खणात, मामांच्या फ्रेमशेजारी पाकिटात आहेत. परवा त्यातल्या एकाला फोन केला. वय ४७, जवळचा नंबर अधिक पावणेदोन, अँगल ग्राइंडरवर. म्हणाला, “चालतंय मॅडम, रस्त्यावर शंभर रुपयाला मिळतो तो घेतलाय. दिसतंय चांगलं.” त्याला मी म्हटलं, तो घालून ग्राइंडर चालवू नका, उद्या दुकानात या, पैसे आणू नका. तो आला, फ्रेमचं माप दिलं, त्याचा चष्मा बुधवारी तयार होईल.

कार्डं आता १६ आहेत. चाळिशीपुढं नंबर वाढतच जातो. वरचेवर तपासावा लागतो. ही कार्डं आणखी वर्षभर अशीच राहिली तर सगळे नंबर पुन्हा काढावे लागतील. सोमवारी सकाळी दहाला मी परत त्या ऑफिसात जाणार आहे. गोळा आणि दोन भिंगं पर्समध्ये घातली आहेत.